मिरजेचं इंजिन परदेशातून मागवता येतं का?

आजच्या भागाची सुरुवात एका श्रोत्याच्या मेसेजपासून करूया. त्यांनी लिहिलं होतं ते जसंच्या तसं वाचतो.

"मी कागल पंचतारांकितला एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीत आहे. आमचे आण्णा मिरजेच्या लोको शेडला फायरमन होते, मीटरगेजवर. आता त्यांस्नी ऐंशी पूर्ण होतील. एका जर्मन दुकानाच्या साइटवर मीटरगेजचं एक छोटं इंजिन कार्टात टाकून ठेवलंय, पंधरा दिवस झाले. बटन दाबू का नको, ते कळंना. ड्युटी किती बसंल? आणि आपल्याकडच्या लोकांनी असलं काही पूर्वी कसं मागवलं, ते जरा सांगा की."

मेसेज वाचला आणि वाटलं, हा प्रश्न फोनवर उरकण्यातला नाही. म्हणून हा भाग आम्ही कागलच्या एमआयडीसीतच, त्यांच्या कारखान्याजवळच्या चहाच्या टपरीवर बसून रेकॉर्ड केलाय. मागे मधूनमधून ट्रकचा आवाज येईल, तेवढा सांभाळून घ्या. तर 'इंजिन घ्यावं का' याचं उत्तर शेवटी येईल. आधी त्यांचा दुसरा प्रश्न घेऊ, आपल्याकडे या छोट्या गाड्या आल्या कशा.

१८९१, दोन ठिकाणी

१८९१ हे साल लक्षात ठेवा. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये मिरज ते कोल्हापूर रेल्वे सुरू झाली. कोल्हापूर संस्थानची ही रेल्वे, साधारण ४८ किलोमीटरची, मीटरगेज. म्हणजे दोन रुळांमधलं अंतर बरोबर १,००० मिलीमीटर. १८८८ मध्ये तिची पायाभरणी झाली तेव्हा शाहू महाराज अजून चौदा वर्षांचेही नव्हते. कागलच्या घाटगे घराण्यातला हा मुलगा, १८८४ मध्ये दत्तक जाऊन कोल्हापूरच्या गादीवर बसलेला. खुद्द कागलला मात्र आजही रेल्वे नाही. आपली ही औद्योगिक वसाहत कागल-हातकणंगले अशा जोडनावानं ओळखली जाते, त्यातल्या हातकणंगल्याला ती आहे.

आता त्याच साली जर्मनीत काय झालं बघा. गोपिंगन नावाच्या गावात मेर्क्लिन ही कंपनी पत्र्याची खेळणी बनवायची, १८५९ पासून. १८९१ च्या लाइपझिगच्या जत्रेत तिनं खेळण्यातल्या रेल्वेची एक पद्धतच मांडली. रुळांच्या रुंदीला क्रमांक दिले, आणि रूळ, सांधे, डबे असे ठेवले की आज एक घ्या, पुढच्या वर्षी दुसरं घ्या, सगळं एकमेकांत बसणारच. ऐकायला साधं वाटतं. पण इथून खेळण्यातली गाडी ही एकदा घेऊन संपणारी वस्तू राहिली नाही, ती वाढवत नेण्याची वस्तू झाली. आणि वाढवायची म्हटली की दुकानदाराशी कायमचं नातं आलं. पुढचं सगळं, कॅटलॉग, टपाल, आजची ऑनलाइन दुकानं, त्या नात्यावर उभं आहे.

कॅटलॉगमधून राजवाड्यात

आपल्याला वाटतं की घरबसल्या परदेशी दुकानातून वस्तू मागवणं इंटरनेटमुळे सुरू झालं. या छंदात ते त्याच्या शंभर वर्षं आधीपासून होतं. इंग्लंडमध्ये नॉर्दॅम्प्टनला बॅसेट-लोक नावाच्या गृहस्थानं एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस मॉडेल इंजिनांचा धंदा काढला, तोच मुळी टपालाचा धंदा म्हणून. छापील कॅटलॉग घरी यायचा, पसंती कळवायची, पैसे पाठवायचे, पेटी यायची. विकलेल्या गाड्यांपैकी बऱ्याच त्यानं जर्मनीतल्या बिंगसारख्या कारखान्यांकडून आपल्या मापानं बनवून घेतलेल्या असत. दुकान एका देशात आणि माल दुसऱ्या देशातला, हे तेव्हापासूनच चालत आलंय.

मराठी घराण्यातलं परदेशाहून आणवलेल्या छोट्या गाडीचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण ग्वाल्हेरचं. शिंद्यांच्या जयविलास राजवाड्यात जेवणाच्या भल्यामोठ्या मेजावर रूळ टाकलेत आणि त्यावरून चांदीची आगगाडी फिरते. माधवराव शिंदे महाराजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती इंग्लंडहून बनवून आणली. सात डबे, प्रत्येकावर घराण्याच्या इंग्रजी नावातलं एकेक अक्षर. डब्यांत ब्रँडीच्या काचेच्या सुरया आणि सिगार. पाहुण्यानं सुरई उचलली की गाडी थांबते आणि परत ठेवली की पुढे निघते.

हे सांगितल्यावर आपले श्रोते हसले. म्हणाले, "चांदीचं म्हणाल तर हुपरी इथनं दहा-पंधरा मिनटांवर आहे." खरंच आहे ते. पैंजणांसाठी देशभर नाव असलेलं गाव या एमआयडीसीच्या शेजारी. पण राजाला चांदी नको होती, ती त्याच्याकडे होतीच. त्याला रुळावर चालणारी, हात लावला की थांबणारी यंत्रणा हवी होती, आणि ती बाहेरून आली. हा मुद्दा मनात ठेवा, आपल्याला परत लागणार आहे.

एक गोष्ट इथं सांगितली पाहिजे. त्या काळात खरी रेल्वेसुद्धा आपण अशीच मागवत होतो. इंजिनं विलायतेतल्या कारखान्यांत बनायची आणि सुटे भाग होऊन बोटीनं यायची. १८९५ मध्ये अजमेरच्या वर्कशॉपनं मीटरगेजचं एक पूर्ण इंजिन इथं बांधून दाखवलं. तरी मोठ्या प्रमाणावर इंजिनं देशात बनू लागली ती स्वातंत्र्यानंतर. चित्तरंजनचा कारखाना १९५० पासून, आणि मीटरगेजसाठी जमशेदपूरची टेल्को. पुढे टाटाचे ट्रक बनवू लागलेली ही कंपनी १९४५ मध्ये स्थापन झाली होती ती रेल्वे इंजिनं बनवायला. आण्णांच्या पिढीनं ज्यात कोळसा मारला ती वायपी आणि वायजी वर्गाची इंजिनं. वायपी प्रवासी गाड्यांसाठी, वायजी मालगाड्यांसाठी. त्यातली सुरुवातीची बाहेरून आली, नंतर टेल्कोनं घातली. म्हणजे खऱ्या इंजिनाच्या बाबतीत 'मागवणं' ते 'बनवणं' हा रस्ता आपण चाललो. छोट्या इंजिनाच्या बाबतीत तो अर्ध्यावरच राहिला.

तीन कुलपं

स्वातंत्र्यानंतर मध्यमवर्गातही या गाड्यांचं वेड होतं. इंग्लंडच्या हॉर्नबीचं नाव मुंबई-पुण्याच्या कितीतरी घरांत माहीत होतं. फ्रँक हॉर्नबी म्हणजे मेकॅनो काढणारा माणूस, आणि १९२० पासून त्याच्या कंपनीनं गाड्या काढल्या. पण वेड असून उपयोग काय? दाराला तीन कुलपं होती.

पहिलं कुलूप पैशाचं. परदेशी दुकानदाराला पौंड किंवा मार्क पाठवायचे तर परकीय चलन हवं, आणि ते सरकारच्या परवानगीशिवाय मिळत नसे. १९७३ च्या फेरा कायद्यानं ते आणखी घट्ट झालं. दुसरं कुलूप परवान्याचं. चैनीच्या आणि ग्राहकोपयोगी वस्तूंची आयात जवळपास बंदच होती. आणि समजा ही दोन्ही उघडली, तर तिसरं कुलूप जकातीचं, म्हणजे आयात शुल्काचं.

मग गाड्या यायच्या कशा? माणसांबरोबर. कुणाचा भाऊ बोटीवर, कुणाचा मेहुणा लंडनला शिकायला, कुणाचे साहेब कंपनीच्या कामाला जर्मनीला. कपड्यांच्या घड्यांमध्ये गुंडाळून एक इंजिन आणि चार रूळ. पुढचे चार रूळ पुढचा माणूस येईल तेव्हा. ज्या छंदाची रचनाच मुळी थोडंथोडं वाढवत नेण्याची, तो छंद इथं पाहुण्यांच्या फेऱ्यांवर वाढत होता.

या काळात पुण्यातले भाऊ जोशी गाड्या जमवत होते. स्वतःचा उद्योग सांभाळून, वर्षानुवर्षं. गाड्या परदेशी, पण त्या जिथून धावणार ते गाव विकत कुठं मिळणार? ते त्यांनी आणि त्यांच्या माणसांनी हातानं उभं केलं. सिग्नल, दिव्याचे खांब, उड्डाणपूल, सर्कस, पोहण्याचा तलाव, सगळं. १ एप्रिल १९९८ ला कोथरूडमध्ये जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय लोकांसाठी खुलं झालं. तुमच्यापैकी अनेकांनी शाळेच्या सहलीत पाहिलं असेल. दिवे मालवतात, छोट्या शहरात रात्र होते, आणि खिडक्या उजळलेली गाडी बोगद्यातून बाहेर येते तेव्हा पोरांचा जो आवाज निघतो, तो ऐकण्यासारखा असतो.

मला त्या संग्रहालयात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. बाहेरून जे आणणं भाग होतं ते आणलं, आणि जे इथं करता येत होतं ते इथंच केलं. कुलपांच्या काळात दुसरा इलाजही नव्हता म्हणा.

कुलपं निघाली, आणि एक परत बसलं

आता तारखा बघा. १ जून २००० ला फेरा जाऊन फेमा आला. परकीय चलन वापरणं हा मूळचा गुन्हा, ही नजर बदलली. हळूहळू साध्या बँकेच्या कार्डानं परदेशी दुकानात पैसे भरता येऊ लागले. पहिलं कुलूप निघालं. १ एप्रिल २००१ ला, जोशींचं संग्रहालय उघडल्याला बरोबर तीन वर्षं झाली त्या दिवशी, आयातीवरचे उरलेसुरले संख्यात्मक निर्बंध गेले. शेवटच्या यादीत ७१५ प्रकारच्या वस्तू होत्या. हे आपण खुशीनं केलं असंही नाही, जागतिक व्यापार संघटनेत अमेरिकेशी खटला हरलो होतो. पण दुसरं कुलूप निघालं.

त्याच सुमारास इंटरनेट घरात आलं. २००४ मध्ये ईबेनं मुंबईची बाझी डॉट कॉम विकत घेतली, आणि लिलावात बोली लावून जुनी इंजिनं घेण्याची चटक आपल्याकडच्या लोकांनाही लागली. इंग्लंड-जर्मनीतली छोटी कौटुंबिक दुकानंही वेबसाइट काढून जगभर पार्सलं पाठवू लागली. एक सुखद गोष्ट म्हणजे तिथला व्हॅट परदेशी गिऱ्हाइकाला माफ करणारी बरीच दुकानं होती. आजही आहेत. जर्मनीत हा कर १९ टक्के. स्क्रीनवर २३८ युरो दिसत असतील तर भारतात पाठवताना ते २०० होतात. इंग्लंडमध्ये २० टक्के, हिशोब तसाच. ऑर्डर करण्याआधी हे विचारून घ्यायचं, न विचारता बरेच जण जास्तीचे पैसे भरतात.

मात्र तिसरं कुलूप राहिलं होतं, आणि ते नंतर जास्त घट्ट झालं. इथं आपल्या कागलच्या लोकांच्या ओळखीचा शब्द येतो, एचएसएन. माल बाहेर पाठवताना तुम्ही रोज कागदावर हा क्रमांक टाकता. कास्टिंगचा वेगळा, पिस्टनचा वेगळा. जगभरच्या जकातखात्यांची ही एकच भाषा. या भाषेत पूर्वी इलेक्ट्रिक गाड्यांना, त्यांच्या रुळांना आणि सिग्नलना स्वतःचा वेगळा उपक्रमांक होता. २००७ च्या सुधारणेत तो गेला. तेव्हापासून तीनचाकी सायकल, बाहुली, जिगसॉ आणि प्रमाणबद्ध मॉडेल, सगळं ९५०३ या एका मथळ्याखाली. सत्तर वर्षांचा माणूस भिंग लावून बघतो ते इंजिन आणि दीड वर्षाच्या बाळाचा खुळखुळा, दोघांचं घर एकच.

त्यामुळे खेळण्यांवर जे जे आलं ते या छंदावर आलं. २३ जानेवारी २००९ ला चिनी खेळण्यांच्या आयातीवर सहा महिन्यांची बंदी जाहीर झाली. मार्चमध्ये ती सैल करून सुरक्षेच्या प्रमाणपत्रांची अट आली. तुम्ही म्हणाल, आपण तर इंग्लंडमधून घेतोय. पण पेटीच्या खालची बाजू बघा. हॉर्नबीचं उत्पादन १९९० च्या दशकातच चीनला गेलं होतं. बाकमन हे नाव ऐकायला अमेरिकन वाटतं, त्याची मालकी १९८७ पासून हाँगकाँगच्या काडेर समूहाकडे. पाठवणारा कुठलाही असो, जकातखातं माल कुठं बनला ते बघतं.

मग डिसेंबर २०१९. त्याआधी ठरावीक किमतीपर्यंतची भेटवस्तू टपालानं किंवा कुरिअरनं आली तर शुल्क नसायचं. कपडे विकणाऱ्या परदेशी ॲप्सनी प्रत्येक विक्रीवर 'गिफ्ट' लिहून त्या सवलतीची वाट लावली. १२ डिसेंबर २०१९ च्या अधिसूचनेनं ऑनलाइन खरेदी करून भेट म्हणून येणाऱ्या पार्सलांना बंदी झाली, राखी आणि जीवनरक्षक औषधं वगळून. तेव्हा आजही एखादा विक्रेता प्रेमानं म्हणाला, "गिफ्ट लिहितो, किंमत कमी दाखवतो," तर त्याला नको म्हणा. तो गुन्हा तुमच्या नावावर लागतो, त्याच्या नाही.

आणि मग मोठा दणका. २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं मूळ शुल्क २० टक्क्यांवरून थेट ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७०. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं.

इथं दुसरी बाजू सांगितली नाही तर अन्याय होईल. २०१९ मध्ये भारतीय गुणवत्ता परिषदेनं बाजारातली आयात खेळणी तपासली होती, त्यातली सुमारे ६७ टक्के सुरक्षेच्या चाचणीत नापास झाली. लहान मुलं तोंडात घालतात त्या वस्तू. सरकारी आकड्यांप्रमाणे खेळण्यांची आयात २०१८-१९ मधल्या ३७.१ कोटी डॉलरवरून २०२१-२२ मध्ये ११ कोटींवर आली. देशातल्या कारखान्यांना त्यानं बळ मिळालं, आणि कारखानदारीवर जगणाऱ्या गावात बसून त्याला वाईट म्हणणं मला जमणार नाही. आयएसआयचा आदेशही १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी आहे. खेळणं हा ज्याचा मुख्य उपयोग नाही, अशी मॉडेल्स आणि संग्राहकांच्या वस्तू त्या मानकाच्या कक्षेतूनच वगळलेल्या आहेत. कागदावर फरक आहे. पण पार्सलची रांग उपसणाऱ्या माणसाला तो फरक समजावून सांगणं हे गिऱ्हाइकाच्या नशिबी येतं. म्हणून पेटीवर '१४ वर्षांवरील संग्राहकांसाठी' असं छापलेलं आहे का, आणि विक्रेत्याच्या बिलावरही तसं लिहून मिळतंय का, ते आधीच बघून ठेवायचं.

२३८ युरोचे किती होतात

आता आपल्या श्रोत्यांचा हिशोब मांडू. २३८ युरोचं इंजिन, व्हॅट वजा जाऊन २००. पार्सलखर्च ३० धरा. शुल्क लागतं ते वस्तू, वाहतूक आणि विमा मिळून होणाऱ्या रकमेवर, म्हणजे पाठवणावळीवरही. ते झाले २३०. त्यावर ९५०३ खाली ७० टक्के म्हणजे १६१. बेरीज ३९१. उपकर असेल तर तो वेगळा, आणि या सगळ्या बेरजेवर परत आयजीएसटी. वैयक्तिक वापराच्या पार्सलांसाठी ९८०४ असा एक वेगळा मथळाही आहे. पार्सल त्याखाली मोकळं झालं तर दर वेगळा पडतो. हे दर अर्थसंकल्पात बदलत राहतात, तेव्हा ज्या दिवशी ऑर्डर कराल त्या दिवशीचे बघा. कुरिअरचा केवायसीचा मेसेज आला की वेळेत कागद द्या, नाहीतर पार्सल गोदामात पडून भाडं चढतं. आणि इंजिन बंद निघालं तर? परत पाठवायचा खर्च तुमचा, भरलेलं शुल्क परत मिळवणं ही आणखी एक लढाई.

हे सगळं ऐकून आपले श्रोते म्हणाले, "पैशाचं बघून घेऊ हो. दोन महिन्यांचा ओव्हरटाइम जाईल. पण आण्णांस्नी एकदा ते इंजिन हातात द्यायचंय."

तेव्हा मी त्यांना कार्टातलं इंजिन दाखवायला सांगितलं. सुंदर होतं. लाल रंगाचं, बर्फातल्या डोंगरातून धावणारं, स्वित्झर्लंडच्या रेशियन रेल्वेचं. मीटरगेजच, शंका नाही. पण विजेवरचं. वर पेंटोग्राफ. कोळसा नाही, फायरबॉक्स नाही, फायरमनच नाही.

त्यांनी ते घेतलं होतं कारण शोधताना 'मीटरगेज' टाकल्यावर तेच येतं. बेमोसारख्या जर्मन कंपन्या रेशियन रेल्वेची मॉडेल्स बनवतात, कारण ती घेणारी माणसं तिथं आहेत. परदेशी कंपनी तिच्या गिऱ्हाइकाच्या आठवणीतली गाडी बनवते. आपल्या आठवणीतली गाडी कोण बनवणार?

मापाची भानगड

यात मापाचाही घोळ आहे, आणि तो क्वालिटीतल्या माणसाला लगेच कळला. जगात सगळ्यात जास्त चालणारं प्रमाण १:८७. त्यात रुळाची रुंदी १६.५ मिलीमीटर, कारण युरोप-अमेरिकेचा रूळ १,४३५ मिलीमीटरचा. आपला ब्रॉडगेज १,६७६. त्याला ८७ नं भागा, १९.२६ येतात. म्हणजे तयार रुळावर आपला ब्रॉडगेजचा डबा ठेवला तर तो खऱ्या मापात २४१ मिलीमीटर अरुंद रुळावर उभा असतो. बघणाऱ्याला कळत नाही, रेल्वेत नोकरी केलेल्याला लगेच कळतं.

मीटरगेजचं मात्र नशीब चांगलं. १,००० भागिले ८७ म्हणजे ११.५, आणि बाजारात १२ मिलीमीटरचा तयार रूळ मिळतो. इंग्लंडची पेको कंपनी तो विकते. अर्ध्या मिलीमीटरचा फरक. गंमत म्हणजे मिरजेत एके काळी बार्शी लाइटची ७६२ मिलीमीटरची नॅरोगेजही होती. तिला ९ मिलीमीटरचा रूळ जवळजवळ चपखल बसतो. म्हणजे जुनं मिरज जंक्शन उभारायचं तर ब्रॉडगेजचंच काय ते अडतं. तो पुण्याहून मिरजमार्गे कोल्हापूरपर्यंत आला १९७१ मध्ये. बेळगाव-लोंढ्याकडची लाइन त्यानंतरही बरीच वर्षं मीटरगेजच होती. आण्णांची नोकरी त्या लाइनवर.

आणखी एक सावधगिरी, ज्यांना पुढे काही घ्यायचं असेल त्यांच्यासाठी. मेर्क्लिनची १:८७ मधली पारंपरिक गाडी तीन रुळांच्या पद्धतीची, एसी करंटवर चालते. बाकी बहुतेक कंपन्या दोन रूळ आणि डीसी. स्वस्त मिळाली म्हणून मेर्क्लिनचं इंजिन घेतलं आणि घरातला रूळ दुसऱ्या पद्धतीचा निघाला, तर ते फक्त शोकेसमध्ये उभं राहतं.

मग घ्यावं का?

माझं उत्तर मी त्यांना टपरीवरच दिलं. अख्खं इंजिन घेऊ नका. जे इथं होत नाही तेवढंच मागवा.

काय होत नाही इथं? १२ मिलीमीटरचा रूळ. नखाएवढी मोटर आणि तिचा गिअर. सुटी इलेक्ट्रिक मोटर तर खेळण्याच्या प्रकरणातून नियमानंच वगळलेली आहे, तिचा मथळा ८५०१. म्हणजे इंजिनात बसवलेली आली तर ती खेळणं, एकटी आली तर मोटर. आमच्या श्रोत्यांना हे फार आवडलं.

आणि काय होतं इथं? वायपीच्या मोठ्या चाकाचा व्यास १,३७२ मिलीमीटर. ८७ नं भागा, १५.८ मिलीमीटर. ज्या वसाहतीत दिवसभर मायक्रॉनमध्ये माप घेतलं जातं, तिथं पितळेच्या रॉडमधून १५.८ चं चाक काढणं अवघड आहे का? शेजारच्या फाउंड्रीत पॅटर्नवाले बसतात. ते तर जन्मभर हेच करतात. बिडाचं कास्टिंग थंड होताना साधारण एक टक्का आक्रसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा, त्यासाठी त्यांच्याकडे मुद्दाम वाढवलेली पट्टीही असते. एका मापाची वस्तू दुसऱ्या मापात डोळ्यांपुढे बघणं हा त्यांचा धंदा आहे. अशा माणसाला बॉयलरचं गोल पोट आणि धुराडं करायला सांगितलं तर तो नाही म्हणणार नाही. फार तर म्हणेल, रविवारी ये.

ग्वाल्हेरच्या महाराजांकडे पैसा होता, त्यांनी सगळं मागवलं. पुण्यातल्या भाऊ जोशींच्या काळी सगळं मागवता येत नव्हतं, त्यांनी उरलेलं हातानं केलं, आणि आज लोक तिकीट काढून बघायला जातात ते त्या हातानं केलेल्या गावासकट. आपल्या श्रोत्यांना मागवता येतं, महाग का होईना. पण त्यांना हवी ती गाडी त्या दुकानात नाहीच. आण्णांच्या इंजिनाचं माप, त्याचा आवाज, कॅबमध्ये कुठं काय होतं, हे सगळं आण्णांकडे आहे, आणि आण्णा ऐंशीला आलेत. परदेशी पार्सल आज ना उद्या येईल. ही माहिती कुठल्याच कार्टात टाकून ठेवता येणार नाही.

हा भाग प्रसिद्ध करायच्या आधी त्यांचा परत मेसेज आला. लाल इंजिन कार्टातनं काढलं. मोटर आणि दोन मीटर रूळ तेवढे मागवलेत. मधल्या वेळात एका शनिवारी शिफ्ट संपल्यावर, मालकांना विचारून, त्यांनी पितळेचं एक चाक काढलं. घरी नेऊन आण्णांसमोर ठेवलं. काय आहे ते सांगितलंही नाही.

आण्णांनी चष्मा लावला. चाक उचललं, कड अंगठ्यानं चाचपली, ताटाशेजारी फरशीवर उभं केलं आणि बोटानं हलकेच ढकललं. ते भिंतीपर्यंत सरळ गेलं.

मग म्हणाले, "वायपीला अशी सहा लागत्यात. बाकीची पाच कधी?"

तुमच्याही घरात रेल्वेत नोकरी केलेलं कुणी असेल, तर त्यांच्याजवळ बसा, आणि ते काय सांगतात ते आम्हाला जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.